पान एकशे त्रेचाळीस

पुस्तक आपणहून उघडतं
एकशे त्रेचाळीसाव्या पानावर.
पाठीचा कणाच तिथे मोडलाय त्याचा.
बेटावरच्या निम्म्या बाया
तिथे थांबून गेल्या असणार,
चहा पार निवेपर्यंत.

लिफ्ट अडकलेली, चाळिसावा मजला.
तो एकावन्न वर्षांचा, कंपनीचा मालक,
कानशिलांवर रुपेरी केस. रुपेरीच, पांढरे नव्हेत.
ती सव्वीस. नोकरीचा तिसरा आठवडा.
तिच्या ब्लाउजचं दुसरं बटण
सहाव्या ओळीपासून तग धरून आहे.

मीही सव्वीस.
नोकरीचा मात्र तिसरा हिवाळा:
लुइस बेटावरची फिरत्या वाचनालयाची व्हॅन,
मागे अठराशे पुस्तकं, पट्ट्यांनी आवळलेली,
पुढे एक हीटर, जो फक्त डावा पाय तापवतो,
आणि स्टिअरिंगवर टॉर्कल, वय बावन्न,
कागदोपत्री माझा साहेब.

त्याच्या कानशिलांबद्दल काही सांगता येत नाही.
लोकरीची टोपी मी ऑगस्टातसुद्धा
उतरलेली पाहिली नाही.
क्लचच्या आधी त्याचा गुडघा कुरकुरतो.
फ्लास्कच्या झाकणातून चहा पितो
आणि वारा कुठला आहे ते
मेंढ्यांच्या पाठी बघून सांगतो.

कादंबरीत टेबल कायम मोकळं.
एका हातानं सगळं लोटून द्यावं
इतकंच सामान त्यावर.
आमच्याकडे लोटायचं म्हटलं तर
तारखांचे शिक्के, परत आलेली मोठ्या अक्षरांची चरित्रं,
आणि कुणीतरी दिलेली सहा अंडी.
आधी अंडी कुठे ठेवायची ते ठरवावं लागेल.

मला हसू फुटलं. टॉर्कलनं विचारलं, "काय आहे त्यात?"
म्हटलं, "ऑफिस."
तो म्हणाला, "अरेरे."

पण पुढच्याच ओळीत
तो तिचा हातमोजा काढतो,
एकेक बोट सैल करत, करंगळीपासून.
तिथे मी हसले नाही.
मी माझा हातमोजा पाहिला. अंगठ्याला भोक.

शेवटच्या थांब्यावर मर्डिनाचं घर.
रविवारी दोरीवर कपडेसुद्धा न घालणारी बाई,
मासळीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेली.
पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत करते,
हेच पुस्तक, मागच्या महिन्यात केलं होतं.
आज मीच विचारलं, कसं वाटलं?
"छपाई बारीक आहे," ती म्हणाली,
"आणि तो माणूस फार बोलतो."
मग अंडी मोजता मोजता,
पाच आणि सहाच्या मधे कुठेतरी:
"आमचा सुपरवायझर बोलायचा नाही.
बर्फाच्या खोलीत आम्ही
दोघीदोघीच जायचो."
मला काय बोलावं सुचेना.
"सातवं घे," ती म्हणाली, "तडकलंय थोडं."

"पण चांगलं आहे ते पुस्तक," दार लावताना म्हणाली.
"ती 'नको' म्हणते तेव्हा तो थांबतो.
मी ते पान दोनदा वाचलं."

परत आले तर व्हॅनमध्ये हीटर चालू,
टॉर्कल समोरच्या काचेतून
काहीच नसलेल्या पीटच्या माळाकडे बघत,
पुस्तक माझ्या सीटवर, मिटलेलं,
होतं तसंच.
फक्त उलटं.

बार्वसच्या वळणापर्यंत कुणी बोललं नाही.
मी पान उघडलं, म्हणजे ते उघडलंच आपणहून,
आणि घडीतून ओटच्या बिस्किटाचा चुरा
माझ्या मांडीवर पडला.
ओटची बिस्किटं या व्हॅनमध्ये एकच माणूस खातो.

रस्त्यात मेंढ्या आडव्या बसल्या होत्या.
त्यानं इंजिन बंद केलं. हॉर्न वाजवला नाही,
तो कधीच वाजवत नाही, उठतील तेव्हा उठतील.
गुडघा कुरकुरला, क्लच नसतानाही.

"त्या मुलीला," तो मेंढ्यांना म्हणाला,
"बढती मिळते का शेवटी?"

मी अंडी मांडीवर नीट धरली.
सातवं ओलं लागत होतं.
म्हटलं, "अजून तिथवर पोचले नाहीये मी."

"हं," टॉर्कल म्हणाला,
आणि डोकं खाजवण्यासाठी
टोपी काढली.